फॉरमॅट मारण्याआधी : जुन्या संगणकांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात दहा-पंधरा वर्षे जुन्या घरगुती संगणकांचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. बहुतेक पत्रांचा शेवटही सारखाच आहे : ‘दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, नाहीतर नवा घ्या.’ म्हणून उत्तरांत आधी बिघाड ओळखायचा कसा ते सांगितले आहे आणि मग दुरुस्ती.

प्रश्न : आमचा संगणक २०११ सालचा आहे, त्यावर विंडोज ७ आहे. काही महिने रोज सकाळी तो तारीख २००९ची दाखवायचा आणि कुठलेही संकेतस्थळ उघडले की सर्टिफिकेट चुकीचे असल्याची सूचना यायची. ओळखीच्या मुलाने मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला. तारीख आता बरोबर आहे, पण विंडोजचे चिन्ह येताच क्षणभर निळा पडदा दिसतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हार्ड डिस्क गेली, असे तो म्हणतो. त्यात घरातले सगळे फोटो आहेत. – वाचक, सातारा

उत्तर : तुमची हार्ड डिस्क बहुधा ठणठणीत आहे. फॉरमॅट मुळीच करू देऊ नका.

सेल काढला की बायोसमधल्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधल्या, सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि कारखान्यातून आल्या तशा होतात. त्यातली एक सेटिंग असते साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे ती. पर्याय मुख्यतः दोन : आयडीई आणि एएचसीआय. विंडोज ७ ज्या मोडमध्ये बसवले असेल त्याच मोडचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) ते सुरुवातीला चालू करते, दुसरा बंद ठेवते. मोड बदलला की विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही आणि निळा पडदा येतो.

खात्री करायची असेल तर संगणक सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि यादीतून ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट’ निवडा. आता निळा पडदा थांबून राहील. खालच्या ‘स्टॉप’ ओळीत बऱ्याच शून्यांनंतर शेवटी ७बी असेल, तर निदान पक्के समजा.

संगणक पुन्हा सुरू करून डिलीट किंवा एफ२ने बायोसमध्ये जा. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’, ‘स्टोअरेज कॉन्फिगरेशन’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ यांपैकी एका पानावर साटा मोड सापडेल. आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. एफ१० दाबून जतन करा. तिथे रेड नावाचा तिसरा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. मोड बदलूनही विंडोज उठले नाही तर तो पूर्वीसारखा करून ठेवा, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा आणि आधी फोटो उतरवून घ्या. बाकीचे नंतर पाहता येईल.

सेलविषयीही थोडे सांगतो, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. हा सेल सीआर २०३२ जातीचा, तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. नवा सेल मल्टिमीटरवर ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.७च्या खाली गेला की बदलावा. अधिक चिन्हाची बाजू वर. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर घड्याळाला वीज एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) मिळते आणि सेल खर्ची पडत नाही. रोज रात्री बटण बंद करणाऱ्या घरात तो लवकर संपतो, आणि तारीख रातोरात मागे जाते ती त्यामुळेच. तारीख मागे गेली की संकेतस्थळाचे सर्टिफिकेट संगणकाच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नसते. म्हणून ती सूचना.

सेल काढण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण तुमच्यावर ओढवलेला प्रसंग त्याने टळला असता.

आणखी एक खूण : घड्याळ नेमके साडेपाच तास मागे असेल तर सेलला दोष देऊ नका. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर असे होते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिच वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला ‘हे घड्याळ स्थानिक वेळेचे आहे’ असे एकदा सांगितले की भांडण मिटते.

प्रश्न : विंडोज ७ काढून विंडोज १० टाकले. आता आवाज नाही, इंटरनेटची केबल लावूनही इंटरनेट नाही, आणि पडद्यावर सगळे मोठे मोठे दिसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीन पिवळे त्रिकोण आहेत. मदरबोर्डची सीडी हरवली आहे. सगळे ड्रायव्हर आपोआप टाकणारे एखादे सॉफ्टवेअर सुचवा. – वाचक, नांदेड

उत्तर : असे सॉफ्टवेअर सुचवणार नाही. त्यांतली बरीच नको असलेल्या गोष्टी सोबत आणतात, आणि नावात साधर्म्य असलेला पण दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर बसवतात. सीडी नसली तरी प्रत्येक भाग आपली ओळख स्वतःच सांगतो, ती वाचायला शिका.

पिवळ्या त्रिकोणावर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांब ओळ दिसेल. तिच्यात व्हीईएन या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरे असतात. ती चिप बनवणाऱ्याची खूण : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. पुढे डीईव्ही नंतरचे चार म्हणजे नेमके मॉडेल. उदाहरणार्थ १०ईसी आणि ८१६८ असेल तर ती रिअलटेकची गिगाबिट लॅन चिप. १०ईसी आणि ८१३६ असेल तर तिचीच १०० मेगाबिटवाली धाकटी बहीण. ही दोन्ही नावे जुन्या बोर्डांवर फार दिसतात.

इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० फोनला लॅन कार्ड समजते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेटमध्ये जाऊन ‘ऑप्शनल अपडेट्स’खालचे ‘ड्रायव्हर अपडेट्स’ पाहा. निम्मे काम बहुधा तिथेच होते. उरलेल्यासाठी मदरबोर्डचे मॉडेल हवे. ते बोर्डवर स्लॉटांच्या मधे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. कॅबिनेट उघडायचे नसेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड’च्या ओळीत पाहा. त्या मॉडेलच्या पानावरून आधी चिपसेट (बोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिप), मग लॅन, ग्राफिक्स आणि शेवटी ऑडिओ असा क्रम ठेवा.

विंडोज १०चा ड्रायव्हर दिलाच नसेल तर विंडोज ७ किंवा ८चा घ्या. बऱ्याचदा चालतो. अट एकच : ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर. सेटअप ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हणाला तर फाइल उलगडून फोल्डर करा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ने तो फोल्डर दाखवा. सेटअप अडवतो, पण आतला ड्रायव्हर अनेकदा बसतो.

तुमच्या यादीत ‘एसएम बस कंट्रोलर’ असेल तर तो चिपसेटच्या संचाने जातो. त्या संचात बहुतांशी भागांची नावेच असतात, त्यामुळे वेग वाढेल ही अपेक्षा नको. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव लोकांना फार छळते. व्हीईएन ८०८६ असेल तर ते बहुधा इंटेल मॅनेजमेंट इंजिन, आणि त्याच्या ड्रायव्हरवाचून घरगुती कामात काही अडत नाही. फार जुन्या संगणकात त्याच नावामागे डायलअप मोडेम निघतो. तो तर काढूनच ठेवा.

त्रिकोण असलेल्या भागाच्या ‘जनरल’ पानावर कोड असतो, तोही वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण भाग सुरू होत नाही, बहुधा चुकीच्या आवृत्तीमुळे. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. ४३ म्हणजे भागानेच बिघाड कळवला. यूएसबीच्या वस्तूला ४३ आला तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा.

ग्राफिक्स कार्ड वेगळे बसवलेले असेल तर एक सापळा आहे. एनव्हिडियाच्या जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. १२८ बिट डीडीआर३ मेमरी असलेले कार्ड जुन्या फर्मी पिढीचे. त्याला ३९१.३५ हा शेवटचा ड्रायव्हर, त्यापुढचा बसत नाही. ६४ बिट मेमरीचे केप्लर पिढीचे, त्याला त्याहून नवे चालतात. जीफोर्स २१० तर आणखी मागे, ३४२.०१वर थांबते. ‘नवा ड्रायव्हर टाकला तरी कार्ड सापडत नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण.

सगळे सुरळीत झाले की विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सिस्टिम ३२’, त्यात ‘ड्रायव्हर स्टोअर’, त्यात ‘फाइल रिपॉझिटरी’ असा फोल्डर आहे. तो पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. पुढे पुन्हा हेच विंडोज टाकाल तेव्हा ‘ब्राउझ’मध्ये तोच फोल्डर दाखवला की पुरते.

प्रश्न : पावसाळ्यात दोन आठवडे संगणक बंद होता. आता चालू केला की पंखे फिरतात, दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच. आतून लांब बीप येत राहते. मदरबोर्ड जळला असेल का? – वाचक, चिपळूण

उत्तर : बीप देणारा बोर्ड बहुतेक वेळा जिवंत असतो. ॲवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये पुन्हा पुन्हा येणारी लांब बीप रॅमकडे बोट दाखवते, तर एक लांब आणि दोन आखूड असतील तर ग्राफिक्सकडे. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमधल्या टाचण्यांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. बंद पडून असलेल्या यंत्रात हे अधिक होते, कारण चालू यंत्राची ऊब ओल टिकू देत नाही.

प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर लोटून रॅम काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने, दोन्ही बाजूंनी पुसा. शाईचा खरखरीत खोडरबर नको, तो मुलामा खरवडतो. रबराचा चुरा स्लॉटपासून दूर झटका. स्लॉट कोरड्या, स्वच्छ ब्रशने साफ करा. द्रव वापरायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको. रॅम परत बसवताना खिट्ट्या आपोआप ‘टक्’ आवाज करून मिटल्या पाहिजेत. सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. रॅम अर्धवट बसलेली असते आणि माणूस दुसरीच कारणे शोधत बसतो.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, प्रत्येक स्लॉटमध्ये तपासा. सगळी रॅम काढून चालू केल्यावर बीप येत असेल आणि एखाद्याच पट्टीने ती थांबून चित्र येत असेल, तर दुसरी पट्टी खराब. एकही बीप येत नसेल तर आधी कॅबिनेटला स्पीकर आहे का ते पाहा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच. चार छिद्रांच्या जोडणीचा छोटा स्पीकर स्वस्तात मिळतो आणि तो प्रत्येक दुरुस्तीत उपयोगी पडतो. स्पीकर असूनही, रॅम काढूनही शांतता असेल तर मग दोष एसएमपीएस, बोर्ड किंवा प्रोसेसरकडे. अशा वेळी प्रोसेसरभोवतीचे उभे गोल कपॅसिटर पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला असेल तर तो बदलायला हवा.

संगणक सुरू झाला तरी मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी विश्वासाची नाही. अशीच पट्टी फायली हळूहळू बिघडवते आणि दोष विंडोजवर येतो.

नवी रॅम घ्यावी लागली तर : इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या डीडीआर३ बोर्डाला ४ जीबीची पट्टी दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिपांची लागते. आठ चिपांची स्वस्त पट्टी तिथे चालत नाही. डीडीआर२ची ४ जीबी पट्टी फार स्वस्त दिसली तर ‘फक्त एएमडीसाठी’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे का ते वाचा, इंटेलच्या बोर्डावर ती चालणार नाही. आणि ३२ बिट विंडोजवर ४ जीबीच्या वर रॅम घालून उपयोग नाही. प्रत्यक्षात वापरायला सव्वातीन जीबीच्या आसपासच मिळते.

प्रश्न : कॅबिनेटला उघडा पाय लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलला तरी तेच. – वाचक, बार्शी

उत्तर : एसएमपीएस निर्दोष आहे, घराला अर्थिंग नाही. बहुतेक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज ते कॅबिनेट आणि दुसरा न्यूट्रल ते कॅबिनेट. अर्थिंगची तार जिवंत असेल तर गळती तिच्यातून जमिनीत जाते. ती नसेल तर कॅबिनेट निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी अल्प असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते. पण चालू असताना मॉनिटरची किंवा टीव्हीची केबल लावली तर तोच दाब पोर्टमधून जातो आणि पोर्ट जळू शकते.

वायरमनकडून सॉकेट मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही तितकेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ६० ते १२० असे अधांतरी दाखवत असेल तर अर्थिंग तुटलेले आहे. ते नीट घालून घ्या. कुणी सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून देतो म्हणाला तर त्याला थांबवा. न्यूट्रल कुठेही तुटला की कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि त्याने माणूस दगावतो. झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल तर संगणक आजच बंद करा.

प्रश्न : एचपी लेझरजेट १०२० कधी छापतो, कधी ‘ऑफलाइन’ दाखवतो. – वाचक, जळगाव

उत्तर : केबल प्रत्येक वेळी वेगळ्या यूएसबी पोर्टात लागते आहे. पोर्ट बदलले की विंडोज त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार करते. तुम्ही छापता जुन्या नावावर आणि ते नाव रिकाम्या पोर्टाशी जोडलेले. प्रिंटरच्या यादीतून सगळ्या प्रती काढा, केबल मागच्या एका पोर्टात कायमची लावा, हब किंवा पुढचे पोर्ट नको. अडकलेली कामे जात नसतील तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, ‘सिस्टिम ३२’ मधल्या ‘स्पूल’च्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरातल्या फायली पुसा, स्पूलर पुन्हा चालू करा. हा प्रिंटर स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे चालण्यासाठी लागणारा आतला प्रोग्राम, जपून ठेवत नाही, चालू झाला की दर वेळी संगणकाकडून घेतो. म्हणून संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच प्रिंटरचे बटण दाबा.

प्रश्न : हार्ड डिस्क फार संथ झाली आहे. एसएसडी घ्यावी का? – वाचक, डोंबिवली

उत्तर : एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क. घ्यावी, पण आधी क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारे सॉफ्टवेअर चालवा. सी५ म्हणजे ‘करंट पेंडिंग’चा, नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याहून जास्त असेल तर आज सगळे उतरवून घ्या, उद्यावर टाकू नका. सी७, म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर डिस्कऐवजी साटा केबल बदलून पाहा. एसएसडी जुन्या साटा २ पोर्टावरही व्यवस्थित चालते, फरक लगेच जाणवतो.

प्रश्न : आमच्या छापखान्यात जुने मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे. त्याचे लॉक (परवान्याची किल्ली असलेली छोटी डबी, तिच्यावाचून सॉफ्टवेअर चालत नाही) २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात लागते. जुना संगणक गेला. दुसऱ्याला ते पोर्ट नाही म्हणून यूएसबी ते पॅरलल केबल आणली. तिच्यावर जुना प्रिंटर चालतो, पण ‘लॉक सापडत नाही’ असे येते. – वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्या केबलवर लॉक कधीच सापडणार नाही. ती केबल खऱ्या अर्थाने पोर्ट नसते, ‘मी प्रिंटर आहे’ एवढेच ती विंडोजला सांगते. लॉक मात्र पोर्टाच्या ठरलेल्या पत्त्यावर, बहुधा ३७८वर, थेट पिना हलवून तपासले जाते. केबल परत करा.

आता दुसऱ्या संगणकाचा मदरबोर्ड नीट पाहा. २०१०च्या आसपासच्या अनेक बोर्डांवर मागे पोर्ट नसले तरी कडेला ‘एलपीटी’ लिहिलेली टाचण्यांची दुहेरी रांग असते. तिला लावायची पट्टी, म्हणजे एका टोकाला २५ छिद्रांचे पोर्ट आणि दुसऱ्या टोकाला चपटी केबल, जुन्या भागांच्या दुकानात मिळते. टाचण्यांची मांडणी बोर्डाच्या पुस्तिकेतून जुळवून घ्या. मग बायोसमध्ये पॅरलल पोर्ट चालू करा, पत्ता ३७८, आणि मोड आधी ‘नॉर्मल’ किंवा एसपीपी. लॉक सापडले नाही तर ईपीपी, मग ईसीपी. रांगच नसेल तर पीसीआय कार्ड घेता येते, पण त्याला पत्ता वेगळाच मिळतो आणि जुने सॉफ्टवेअर तिथे पाहत नाही. घेण्यापूर्वी पत्ता ३७८ करता येतो का, हे विचारा.

विंडोज ३२ बिटच ठेवा. लॉकचा जुना ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही, आणि सॉफ्टवेअर १६ बिटचे असेल तर तेही नाही. हा संगणक इंटरनेटला जोडू नका, फायली पेन ड्राइव्हने न्या. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी जुन्या लॉकच्या बदल्यात यूएसबी लॉक देते का, ते आधी विचारा. दिले तर वरचे सगळे वाचेल.

लॉक चालू झाले की पहिले काम जुन्या फायलींचे करा. त्या फॉन्टांत ‘क’चा संकेत युनिकोडपेक्षा (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांपेक्षा) वेगळा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर उघडले नाही तर मजकूर कुठेच वाचता येत नाही. महत्त्वाच्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि प्रत्येक फाइलची एक पीडीएफही ठेवा. रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी सरकण्याचा संभव असतो. तेवढी जागा पीडीएफ समोर ठेवून तपासा.